बुवांना चाकं लागली

ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला कधी गेला असाल, तर बुवांना तुम्ही पाहिलेलं आहे. ओळख तेवढी व्हायची राहिली असेल. ड्रमसेटच्या शेजारी, अर्धे अंधारात, अंगाला काळं रेक्झिन आणि छातीवर लोखंडी जाळी असे एक ठेंगणे, रुंद गृहस्थ उभे असतात ना, तेच. बेस गिटारचं कॅबिनेट. वादकमंडळी त्यांना 'बुवा' म्हणतात. आवाज खर्जातला, बांधा दणकट, आणि एकदा बैठक मारली की उठायचं नाव नाही. दुसरं कोणतं नाव पडणार?

बुवांचं गाणं मुद्दाम कुणी ऐकत नाही. कार्यक्रम सुटल्यावर लोक गायिकेबद्दल बोलतात, ढोलकीबद्दल बोलतात, निवेदकाचे विनोद एकमेकांना परत सांगतात. 'काय बेस होता हो!' म्हणणारा प्रेक्षक अजून जन्मायचा आहे. पण मध्येच वायर निघाली आणि बुवा गप्प झाले, की त्याच प्रेक्षकाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. काय गेलं ते मात्र सांगता येत नाही. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. ती गाणी तोंडपाठ असलेल्यांना विचारून पाहा, हे नाव एखाद्यालाच ठाऊक निघेल. बुवांना या उपेक्षेचं वाईट वाटत नाही. वाटत असलंच तर ते इतक्या खर्जात वाटतं की ऐकू येत नाही.

बुवांचा खरा बडेजाव वजनाचा. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, आतून ठोकलेले आडवे-उभे टेकू, १५ इंची स्पीकर आणि त्याच्या पाठीवरचं भलंमोठं लोहचुंबक, असं सगळं मिळून ४० किलोच्या आसपास. एवढं वजन दोन माणसांना भारी नाही. भारी आहे ती बुवांची ठेवण. दोन्ही कुशींना मुठी आहेत, पण अशा उंचीवर की जिना चढताना पुढच्याला उलट्या पावलांनी चालावं लागतं आणि मागच्याला पायरी दिसत नाही. आपल्या नाट्यगृहांचे मागचे जिने ज्यांनी आखले त्यांनी नेपथ्याचा विचार केला असेल, बुवांचा नक्कीच केलेला नाही. वळणावर बुवा अडले की 'जरा तिरकं घे', 'माझ्याकडे, माझ्याकडे' आणि 'अरे बोट, बोट!' हे संवाद नाटक कुठलंही असो, ठरलेले.

या प्रसंगी गायक घसा सांभाळत असतो, कीबोर्डवाला बोटं सांभाळत असतो, आणि बासरीवाला झोळी काखेत मारून केव्हाच वर पोचून चहा घेत असतो. खाली उरतात बेसिस्ट आणि टेम्पोवाल्याचा पोरगा. 'दादा, ह्याला चाकं लावून टाका ना,' ही मागणी पहिल्यांदा त्या पोराने केली. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

बेसिस्टने ती उडवून लावली. 'चाकं लावली की बेस जातो,' तो म्हणाला. हे वाक्य बेसिस्टांमध्ये गुरूकडून शिष्याकडे येतं आणि गुरुवाक्य तपासायची आपल्याकडे रीत नाही. पेटी जमिनीला टेकलेली असेल तरच आवाज भरतो, चाकांवर चढवली की पोकळ होतो, अंग जातं, असं ते सांगतात आणि सांगताना टाचेने जमीन दाबून दाखवतात. बुवांना हे मत अर्थातच फार पसंत आहे. आपला आणि धरणीमातेचा काही खास संबंध आहे, असा त्यांचा पूर्वीपासूनचा समज.

बुवांच्या वाडवडिलांनी मात्र असलं सोवळं कधी पाळलं नाही. मूळपुरुष डबल बेस, माणसाहून उंच आणि एका खुंटीवर उभा राहणारा. त्याला कार्यक्रमाला न्यायचं तर अनेक वादक ती खुंटी काढून तिच्या जागी एक चाक बसवतात, रस्त्याने ढकलत नेतात, आणि वाजवायच्या आधी चाक काढून खुंटी पुन्हा घालतात. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. वाद्य खांद्याला अडकवण्याइतकं हलकं झालं आणि वाचलेलं सगळं वजन कॅबिनेटच्या वाट्याला आलं. १९६० मध्ये अँपेग कंपनीची पोर्टाफ्लेक्स बी-१५ ही पेटी निघाली. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन ती वापरायचा. तिच्याबरोबर चाकांची वेगळी गाडी मिळे. पेटी गाडीवर ठेवा, न्या, उतरवा, वाजवा.

मग १९६९ मध्ये आले याच घराण्यातले दांडगेश्वर. अँपेगचाच एसव्हीटी, ३०० वॉटचा अँप्लिफायर, आणि त्याखाली १० इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याला घेऊन फिरले. कॅबिनेटची उंची चार फूट, वजन ६० किलोच्या वर. वादकांनी नाव ठेवलं 'फ्रिज'. याच्या पुढच्या आवृत्त्यांची ठेवण बघण्यासारखी आहे. पाठीला वर एक आडवी दांडी आणि खाली मागच्या कडेला दोन चाकं. दांडी धरून पेटी मागे कलंडवली की ती चाकांवर येते; सरळ उभी केली की चाकं अधांतरी आणि पेटी आपल्या बुडावर. चालताना चाकं, गाताना बैठक. खानदानी म्हणतात ते हेच.

आमचे बुवा काही कंपनीच्या घरात जन्मलेले नाहीत. स्पीकर बाजारातून आणला, पेटी ओळखीच्या सुताराने ठोकली. त्यामुळे चाकांचं कामही त्याच्याकडेच गेलं. बेसिस्ट तयार कसा झाला? पटलं म्हणून नव्हे, कंबर धरली म्हणून. वैद्यकीय कारणापुढे गुरुवाक्य टिकत नाही.

हार्डवेअरवाल्याचा पहिला प्रश्न, 'टीपॉयला लावायचीत का?' त्याने आधी नायलॉनची चाकं दाखवली. ती स्वस्त आणि गुळगुळीत, पण रात्री फरशीवरून नेली तर अख्ख्या इमारतीत दिवे लागतील. तीन इंची रबरी घेतली, चारही फिरती, त्यांतली दोन ब्रेकवाली. दुकानदार जाणता होता. चार चाकं आहेत म्हणून वजनाला चाराने भागू नका, म्हणाला. जमीन कुठेच सपाट नसते, भार तीनच चाकांवर येतो, तेव्हा तिनाने भागा आणि वर थोडं सोडा. एवढं शहाणपण चाकांच्या किमतीत फुकट मिळालं.

सुताराने बुवांना डोक्यावर उभं केलं आणि त्यांचा सगळा रुबाब उतरला. तळाला चिकटपट्टीचे पापुद्रे, कुठल्याशा मंडळाचं अर्धवट फाटलेलं स्टिकर, एका कोपऱ्यात पाणी लागून फुगलेला प्लाय. सुताराने पेन्सिल कानामागून काढली, कडेपासून दोन बोटं आत खूण केली. अगदी कडेला स्क्रू मारला तर प्लाय फाटतो, फार आत घेतला तर बुवांचा तोल जातो. इथवर ठीक. मग त्याने लांबलचक स्क्रू काढले. 'हे मारतो, जन्मात निघणार नाही.' बेसिस्टने त्याचा हात धरला.

कारण बुवा बंद जातीचे आहेत. आत कोंडलेली हवा हीच त्यांची छाती. स्पीकरचा पडदा आत आला की ती हवा दाबली जाते आणि त्याला परत बाहेर ढकलते. तळाला आरपार भोक पडलं आणि स्क्रू ढिला झाला, की तिथून हवा पळायला लागते. मोठा स्वर आला की 'ढुम्म'च्या शेपटाला एक बारीक 'फुस्स' चिकटते. चाकांनी आवाज बिघडला अशी जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यांतली बरीचशी या फुस्सची. बिचाऱ्या चाकांचा दोष नसतो, भोकाचा असतो. शेवटी नटबोल्ट लावले, भोकांत सिलिकॉन भरलं आणि बुवांना रात्रभर उताणं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत चाचणी. बेसिस्ट जाड तारेवर एकेक पडदा चढत गेला. ई, एफ, जी, सगळं ठीक. ए वाजला आणि खालून खडखडाट. बी-फ्लॅटला गायब. पुन्हा ए, पुन्हा खडखड. बेसिस्टच्या चेहऱ्यावर 'मी सांगत होतो' उमटलं. टेम्पोवाल्याचा पोरगा जमिनीवर आडवा झाला आणि त्याने एकेका चाकावर बोट ठेवलं. मागच्या डाव्या चाकावर बोट आलं आणि खडखड थांबली. फरशीला तिथे किंचित उतार होता. तीन चाकांवर भार होता आणि चौथं नुसतं लोंबत होतं. बुवांनी ५५ हर्ट्झचा ए लावला की ते मोकळं चाक आपल्या खिळीत दातओठ खायचं. पोराने सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून त्या चाकाखाली सारला. संपलं. आता असला तुकडा बुवांच्या मुठीलाच सुतळीने बांधलेला असतो, नव्या जागी कामाला येतो.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न उरतो. फुस्स नाही, खडखड नाही. मग बेस गेला की राहिला? इथे बुवांच्या स्वभावाची थोडी माहिती हवी. हे गृहस्थ मोठ्या मापाचे आहेत. बेसची मोकळी ई तार छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो आणि हवेत त्याची एक लाट ८ मीटरहून लांब असते. चाकांनी बुवांना उचललं जेमतेम १० सेंटीमीटर, म्हणजे लाटेच्या ऐंशीव्या भागाइतकं. एवढ्याने जमीन दुरावली असं त्या लाटेला वाटतच नाही. जमिनीचा जो आधार आवाजाला आधी मिळत होता, तोच आताही मिळतो.

दुसरी शंका हुशार माणसं काढतात. पेटी चाकांवर असली तर स्पीकर पुढे जाताना ती मागे सरत असेल आणि तेवढा जोर वाया जात असेल, नाही का? सरते, जरूर सरते. पण १५ इंची स्पीकरचा हलणारा भाग साधारण १०० ग्रॅमचा आणि बुवा ४० किलोंचे. पडदा ४ मिलिमीटर पुढे आला तर बुवा मागे जातात मिलिमीटरचा शंभरावा भाग, केसाच्या जाडीहूनही कमी. वजनाची इतकी मिजास मिरवतात त्याचा हा एक खरा उपयोग. अपवाद आहे तो वेगळ्या कुळीचा. काही कॅबिनेटांना हवा सोडायचं भोकाड तळाला असतं, जमिनीपासूनचं अंतर त्यांच्या आवाजाच्या हिशेबात धरलेलं असतं. त्यांच्याखाली चाकं सारली तर हिशेब चुकणारच.

तरीही बेसिस्ट खोटं बोलत नसतो, आणि बुवांचा सगळ्यात लबाड गुण इथे आहे. ते तोंडाने बोलतात तसेच पायाखालूनही बोलतात. नाट्यगृहाचा रंगमंच लाकडी फळ्यांचा, आतून पोकळ. बुवांनी त्यावर थेट बूड टेकलं की फळ्याही थरथरतात, आणि ती थरथर बेसिस्टच्या तळव्यांतून वर चढते. त्याला वाटतं, वा, काय आवाज भरलाय! प्रेक्षकांत बसलेल्याला त्यातलं फारसं काही मिळत नाही. मिळते ती गायिकेच्या माइकला. स्टँडच्या दांडीतून वर चढलेली घरघर. रबरी चाकांवर बुवा उचलले गेले की फळ्यांचा हा चोरटा कोरस मंदावतो. बेसिस्टच्या तळव्यांना मुका मार बसतो आणि तो म्हणतो, बेस गेला. तबलजी डग्ग्याला चुंबळीवर बसवतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की आवाज गेला का. उलट फरशीवर ठेवला तर विचारतील. बुवांना चुंबळ मिळाली एवढंच.

तालमीच्या खोलीत, सिमेंटच्या जमिनीवर, बेसिस्टला भिंतीकडे तोंड करून बसवलं. वाजवायला दुसरा बसला आणि पोरांनी बुवांना कधी चाकांवर, कधी चाकांच्या मधे विटा रचून त्यांवर बूड टेकवून ठेवलं. त्याला फरक सांगता येईना. मग सभागृहातल्या लाकडी मंचावर तोच प्रकार; डोळे मिटून बरोबर ओळखत गेला. 'बघा!' म्हणाला. 'बूट काढून खुर्चीवर पाय घेऊन बस आणि मग सांग,' असं साउंडवाल्याने म्हटल्यावर जरा घुटमळला. त्या दिवसानंतर 'बेस जातो' ऐवजी तो 'मजा जाते' म्हणतो. हे मात्र मला मान्य आहे. वादकाच्या मजेलाही किंमत आहे. ज्याला ती हवी त्याने चाकांची वेगळी गाडी ठेवावी.

चाकं आल्यापासून बुवांना एक नवं व्यसन लागलंय, भटकण्याचं. एका मैदानी कार्यक्रमात मंच समोरच्या बाजूला जरासा उतरता होता आणि ब्रेक लावायचे राहिले होते. पहिल्या गाण्याला बुवा ड्रमरच्या शेजारी होते. तिसऱ्या गाण्याला त्याच्या पुढे आले. दर ठोक्याला नखभर, असं करत करत लावणी सुरू झाली तेव्हा ते कोरसच्या बायकांत जाऊन उभे होते. वायर ताणली गेली म्हणून लक्षात आलं, नाहीतर निवेदकाच्या आधी लोकांसमोर गेले असते. आयुष्यभर मागे उभं राहिलेल्याच्या मनात काय काय असतं, सांगता येत नाही.

पण याच भटकेपणाने त्यांचा आवाज सुधारला. बुवा पूर्वी दोघांनी ठेवले तिथे राहत. साउंड चेकला कुठलाही दोष निघाला की बटणं फिरवायची. बुवांना हलवायचं कुणी मनातही आणत नसे. एका सभागृहात दर वेळी एकच स्वर गळायचा, डी तारेवरच्या तिसऱ्या पडद्याचा एफ. बाकी सगळं दणदणीत आणि तिथे खड्डा. बेसिस्टने तारा बदलल्या, गिटार दाखवून आणली, अँपची बटणं पिळली. दोष भिंतीचा होता. बुवांचं तोंड मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे होतं. ८७ हर्ट्झच्या त्या एफची लाट ४ मीटरच्या थोडी आत. मागे जाऊन भिंतीवर आपटून परतलेला आवाज अर्धी लाट उशिरा यायचा आणि निघणाऱ्या आवाजाला खाऊन टाकायचा. चाकं लागल्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाला साउंडवाल्याने पायाने ब्रेक सोडला, बुवांना ढकलून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि एफ परत आला. बटणाला हात लावला नाही.

भिंतीजवळ बुवांना जोर चढतो, कोपऱ्यात तर अंगात येतं. जमीन, ही भिंत आणि ती भिंत, तिन्ही बाजूंनी आवाज समोर लोटला जातो. लहान खोलीत मग सगळीकडे नुसता गुंबाराच. अशा वेळी त्यांना दोन हात पुढे ओढायचं. पूर्वी या दोन हातांसाठी पोरांना हाका माराव्या लागायच्या, म्हणून कुणी ओढत नसे. दहा सेंटीमीटर उंचीने जे बदललं नाही, ते अर्ध्या मीटरच्या ढकलण्याने बदललं. 'चाकांनी आवाज बदलतो का?' या प्रश्नाला म्हणून मी हो म्हणतो, आणि बेसिस्ट माझ्याकडे संशयाने बघतो.

बुवांचे काही चुलतभाऊ आहेत, त्यांचा उल्लेख घरात हळू आवाजात होतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे लोक त्यांना सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. १८ इंची स्पीकरांच्या भिंतीच्या भिंती, आणि चाकं म्हणाल तर अख्खा ट्रॅक्टर. मिरवणुकीत ते आले की दुकानांची शटरं आपोआप वाजतात. ते उघड्या रस्त्यावर असतात म्हणून त्यांना भिंत, कोपरा, एफ, कसलीच पर्वा नाही. दोन्ही बाजूंच्या इमारती हाच त्यांचा कोपरा. बुवा त्यांच्याशी नातं सांगत नाहीत. पण त्यांचा ट्रॅक्टर लांबून ऐकू आला की जाळी थोडी थरथरते, हे मी पाहिलेलं आहे.

नव्या पिढीचं वेगळंच. निओडिमियमच्या चुंबकाचे हलके स्पीकर, हलक्या लाकडाच्या पेट्या, सगळं मिळून १५-२० किलो. पोरगी एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन जिना चढते. आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. बुवा त्यांच्याकडे बघतात आणि 'पोटात काही नाही' असा चेहरा करतात. पण रात्री १० ला मैदानावरचे कर्णे बंद होतात, आवराआवर सुरू होते, तेव्हा ती पोरं पाच मिनिटांत पसार झालेली असतात आणि बुवांची सवारी मागून चाकांवर, मातीत रुतत, शिव्या खात येते. तीन इंची चाकं नाट्यगृहाच्या फरशीची. मैदानातल्या मातीचं त्यांना काही सांगू नका.

तुमच्याकडेही असे एखादे बुवा असतील तर चाकं बेलाशक लावा. रबरी घ्या, निदान दोन ब्रेकवाली घ्या, भोकं बुजवा, आणि भोकाड तळाला असेल तर चाकांच्या वाटेला न जाता खालची वेगळी गाडी करून घ्या. आवाज पटला नाही तर आधी बुवांना हातभर ढकलून बघा, मग अँपच्या बटणांकडे वळा. आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत ब्रेक लावायला विसरू नका. कोरसच्या बायका अजून विचारतात.